एक गाठ शेष

शेषरावकाकाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचा दुपट्टा पाहिला. तसा साधाच. पांढरा, सुती, वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या खांद्यावर असतो तसा. फक्त त्याच्या दोन्ही टोकांना मिळून अकरा गाठी होत्या. मला वाटलं, बिचारे विसरभोळे असतील, घरून सांगितलेलं सामान लक्षात राहावं म्हणून मारल्या असतील. आम्ही जोडीने पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी दुपट्ट्याचं टोक ओढलं आणि बारावी गाठ मारली.

"ही कायची हो, काका?" माझ्या नवऱ्याने, सुनीलने, विचारलं.

"मंगलाष्टकं चालू होती तवा आभाळ आलतं. म्या कबूल करून टाकलं, पाच रोडगे. पडला का पानी? नाई पडला नं?"

लग्न अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात होतं, पक्क्या स्लॅबखाली. बाहेर ढगफुटी झाली असती तरी आत अक्षतांचा एक दाणा भिजला नसता. पण मारोतीने पाऊस अडवला म्हणजे अडवला, आणि त्याची फेड म्हणून पुढच्या नाताळच्या सुट्टीत मला बार्शीटाकळीकडे जाऊन रोडगा खावा लागला. तेव्हापासून अकरा वर्षं मी जातेच आहे.

काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. बार्शीटाकळीहून थोडं आत त्यांचं गाव, आणि गावाला लागून सात एकर काळं वावर. कापूस, तूर, हरभरा. माणूस कष्टाळू, तंबाखूलाही न शिवणारा. व्यसन एकच, नवसाचं. एखाद्याला जशी चहाची तलफ येते तशी त्यांना नवसाची येते. "म्या कबूल करून टाकलं" हे वाक्य दिवसातून एकदा तरी तोंडातून गेलं नाही तर त्यांना जेवण जात नसावं. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: "आता तो पाहून घेईन." तो म्हणजे त्यांच्या धुऱ्यावरचा मारोती. बांधावरच्या निंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे, बस. इतक्या लहान देवाकडे इतकं काम मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आता वऱ्हाडाबाहेरच्या मंडळींसाठी रोडगा सांगायला हवा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचा, थरावर थर देऊन वळलेला गोळा गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे फुललेल्या निखाऱ्यांत, पुरून भाजायचा. काढून राख झटकायची, हाताने फोडायचा, आत तूप ओतायचं आणि वरण नि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. पहिला रोडगा भुकेचा, दुसरा हौसेचा. तिसरा खाल्लेला माणूस नंतर बोलत नाही, झाडाखाली आडवा होतो.

काकाजींचे सगळे नवस रोडग्यांचेच असतात, आणि त्यांचे नियम त्यांनी स्वतः केलेले आहेत. पहिला नियम, रोडगे फक्त मार्गशीर्ष-पौषात. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या असतात आणि उन्हाळ्यात "मारोतीले घाम फुटते". दुसरा नियम जास्त जाचक आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याने जातीने येऊन, धुऱ्यावर बसून, स्वतःच्या दातांनी रोडगा खायचा. डबा पाठवलेला चालत नाही. त्याने खाल्ला की त्याच्या नावाची गाठ सुटते. नाही आला तर गाठ पुढच्या वर्षावर.

त्यामुळे येशूच्या जन्माची सुट्टी आमच्या घरात मारोतीचे नवस फेडण्यात जाते. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डिसेंबर उजाडला की "यंदा कुठे?" सुरू होतं. कोणी गोव्याला जातं, कोणी राजस्थानात उंटावर बसायला. गेल्या वर्षी मराठीच्या मॅडम थायलंडला जाऊन आल्या. माझी पाळी आली की मी म्हणते, "बार्शीटाकळी." लोक फार सहानुभूतीने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवतात. आमची गाडी त्या आठवड्यात डिकीभर गोवऱ्या वाहते, आणि मार्चपर्यंत गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारतो की तुमच्याकडे म्हैस आहे का.

बरं, नवस मोठ्या गोष्टींचे असावेत की नाही? मुलगा पास व्हावा, ऑपरेशन नीट व्हावं, आम्ही समजू शकतो. काकाजींचा मारोती सगळं पाहतो. एकदा बार्शीटाकळीच्या स्टँडवर अकोल्याची बस तासभर आली नाही, तर काकाजींनी तिथल्या तिथे दोन रोडगे कबूल केले. पाचच मिनिटांत बस आली. पातूरची. काकाजी तिच्यात बसले.

"अहो पण तुम्हाला अकोल्याला यायचं होतं ना?" मी विचारलं. आम्ही घरी जेवण झाकून त्यांची वाट पाहत होतो.

"मंग काय करता बाई? म्या बस मांगतली, त्यानं बस धाडली. कुठची ते म्या सांगतलं नाई, चूक माही हाय. आता आलेल्या बसले नाई म्हनून त्याचा अपमान करू का?"

पातूरला उतरून, चहा पिऊन, तिथून अकोल्याची गाडी धरून ते संध्याकाळी आले. आल्यावर गाठ दाखवली.

माझं माहेर अमरावतीचं. तिथे एकदा ते आले असताना आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत माझे बाबा आणि काकाजी. वॉचमन खालून बटणं दाबत होता, वरून कोणी दार ठोकत होतं, आणि काकाजी डोळे मिटून कबूल करून राहिले होते. लिफ्ट चालू झाली. ती वॉचमननेच चालू केली, त्याने तसं सांगितलंही. पण डिसेंबरात माझ्या बाबांना, ज्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलं आहे, अमरावतीहून येऊन धुऱ्यावर रोडगा खावा लागला. वॉचमनचं नावही यादीत होतं, त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याची गाठ तीन वर्षं टिकली. शेवटी काकाजींनी त्याच्या सोसायटीच्या चेअरमनना फोन केला.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर तर त्यांनी एका अनोळखी माणसाची हरवलेली बॅग सापडावी म्हणून नवस केला. बॅग बाकाखालीच होती. त्या माणसाने आभार मानले, यांनी पत्ता दिला. डिसेंबरात तो बायको, दोन मुलं आणि सासूसह हजर. सासूने चार रोडगे खाल्ले. दर वर्षी येतात आता. नवस एकदाच फिटला, पण त्यांना भाजी आवडली.

मी फिजिक्स शिकवते. असल्या गोष्टींवर गप्प बसणं माझ्या नोकरीच्या नियमांत बसत नाही. दुसऱ्या वर्षी मी काकाजींना समोर बसवून समजावलं की बस यायचीच होती, लिफ्ट चालू व्हायचीच होती, तुम्ही नवस केला नसता तरी हेच झालं असतं. बोलताना माझा आवाज जरा चढला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली.

"तुमचं सायन्स खरं हाय, बाई. म्या कुठं नाई म्हनतो?" ते म्हणाले, आणि दुपट्ट्याचं टोक ओढून माझ्यासमोर एक गाठ मारली.

"ही कशाची?"

"सूनबाईचा राग उतरू दे. दोन रोडगे."

ती गाठ गेली दहा वर्षं एका दुपट्ट्यावरून दुसऱ्यावर जात टिकून आहे. दर डिसेंबरात सगळ्यांच्या गाठी सुटतात आणि माझ्यापाशी आलं की काकाजी माझ्या तोंडाकडे पाहतात, क्षणभर विचार करतात आणि पुढे जातात. घरच्यांना हा प्रकार फार विनोदी वाटतो. मला तो पाहून राग येतो, आणि गाठ आणखी एक वर्ष राहते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. रोडगा भाजावा तर काकाजींनीच. आरातून रोडगा काढला की ते राख झटकतात, कानाजवळ नेतात आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारतात, डॉक्टर छाती वाजवून पाहतात तशी. आतून पक्का भाजलेला असेल तर 'टण' वाजतो. कच्चा असेल तर 'ठप'. मी ध्वनी शिकवते, मला हे पटतं. गंमत म्हणजे 'ठप' मी कधी ऐकलाच नव्हता. काकूजी सांगतात की चाळीस वर्षांत या माणसाच्या हातचा रोडगा कच्चा निघाला नाही.

आणि काकूजींनी हे सांगावं याला अर्थ आहे, कारण काकाजींविषयी त्या दुसरं काहीच चांगलं बोलत नाहीत. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला नाही म्हणणं हा त्यांचा संसार आहे. काकाजी म्हणाले आज थंडी हाय, की काकूजी म्हणतात कुठं हाय. काकाजी म्हणाले तूर चांगली आली, की त्या म्हणतात शेजाऱ्याची पाहा. एकदा काकाजी कंटाळून म्हणाले, "तू म्हनतं तेच खरं व माय." तर त्या म्हणाल्या, "नाई, माहं बी खरं नाई." नवसांवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. त्याचं कारण दुपट्ट्याच्या उजव्या टोकाला आहे.

तिथे सगळ्यांत मोठी गाठ आहे. प्रफुल्लची. प्रफुल्ल म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा, माझा धाकटा दीर. सहा वर्षांपूर्वी तो पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता आणि त्याला कॅनडाला जायचं होतं. नोकरी तिकडे ठरली होती, कागद अडकले होते. महिन्यांमागून महिने गेले. तो जेवेना, फोनवर धड बोलेना. काकूजी म्हणत, अडकले तं अडकू द्या, पोरगं इथंच राहीन. काकाजी एका सकाळी आंघोळ करून धुऱ्यावर गेले आणि मारोतीपुढे पाच पायली रोडगे कबूल करून आले. पोराले जाऊ दे. आठव्या दिवशी व्हिसा आला.

"लोकं पोरगं घरी यावं म्हनून नवस करतात," काकूजी मला म्हणाल्या होत्या. "या मानसानं पोरगं जावं म्हनून केला. आन त्या दगडानं, आजवर कोनाचं नाई आयकलं, पन हे बरं आयकलं."

प्रफुल्ल गेला तो गेलाच. पहिल्या वर्षी रजा नव्हती. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. मग मुलगी लहान होती, मग तिकीट महाग होतं, मग घर घेतलं होतं. मधे एका लग्नासाठी आला होता, पण मे महिन्यात. काकाजींनी तेव्हा नियम मोडून रोडगे करता येतील का याचा मनापासून विचार केला. पंचेचाळीस डिग्री होतं. "तुमी आरात बसा," काकूजी म्हणाल्या, "मी पान्याच्या टाक्यात बसते." तो बेत तिथेच राहिला.

दर नोव्हेंबरात काकाजी फोन करायचे. "यंदा?" इतकंच विचारायचे. मग बराच वेळ तिकडचं ऐकून घेऊन म्हणायचे, "बरं. काही हरकत नाई. पाहून घेईन तो." दुपट्टे जुने होऊन फाटतात, सहा वर्षांत तीन बदलले. नवा दुपट्टा आला की त्यावर पहिली गाठ प्रफुल्लची बसायची, मग बाकीच्या.

त्या गाठीची मी कधी थट्टा केली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. केली. एकदा मी म्हणाले, "काकाजी, नावातच शेष आहे तुमच्या, काहीतरी बाकी राहणारच." ते हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "देवाचं राहून गेलं का बरं नसते, बाई. पोरगं तिकडं बरफातून गाडी चालवते." त्यांना खरोखरच भीती वाटत होती. मारोतीने आपलं काम केलं होतं, आपण आपलं केलं नव्हतं, आणि मधल्यामधे मुलगा बर्फावर होता. त्या दिवशी मला माझीच जरा लाज वाटली. फार नाही, पण वाटली.

यंदा प्रफुल्ल आला. बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह, ऐन नाताळात, पंधरा दिवसांसाठी.

काकाजींनी दोन महिने आधीपासून गोवऱ्या निवडून ठेवल्या होत्या. गोवऱ्यांतही निवडायचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. गव्हाचं दळण तीनदा बदललं, कारण गिरणीवाल्याने एकदा बारीक दळलं आणि एकदा त्याचा चेहरा बरोबर नव्हता. मला वर्गात शिकवताना फोन आले. "बाई, वांगे काटेरी आनजा. बिनकाट्याचे आनले तं गाडीतून उतरू नका." मी मुलांसमोर "हो काकाजी, काटेरी" म्हणाले. मागच्या बाकावरचे अजून मला पाहून हसतात.

सकाळी आम्ही धुऱ्यावर पोचलो तेव्हा आर पेटला होता. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता. काकाजी नव्या धोतरात, दुपट्टा खांद्यावर, हातात लांब चिमटा. प्रफुल्ल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून म्हणत होता, "इथे थंडी कुठे आहे? आम्ही तिकडे मायनस पंचवीसमध्ये राहतो." त्याची मराठी पार पुण्याची झाली होती. 'मले' गेलं होतं, 'मला' आलं होतं. त्याची मुलगी आजोबांच्या दुपट्ट्याला लोंबकळून गाठी मोजत होती आणि सातानंतर परत एकवर येत होती. मी आणि काकूजी बाजूला बसून पिठाचे थर देत होतो.

"आई, बघ, आज एकदाचं संपतंय," प्रफुल्ल म्हणाला. मग सुनीलकडे वळला. "दादा, तुला सांगतो, दर नोव्हेंबरला बाबांचा फोन आला की उचलू का नको असं व्हायचं. आता नवस फिटला की सुटलो. पुढची चार-पाच वर्षं तरी डिसेंबरचं टेन्शन नाही. आम्ही पुढच्या वर्षी मेक्सिकोला जायचं म्हणतोय."

तो वाईट बोलला नव्हता. सगळे बोलतात तसंच बोलला होता, आनंदात. काकाजी त्याच्याकडे पाठ करून आरापाशी बसले होते. त्यांनी मागे पाहिलं नाही. नुकताच उलटवलेला एक रोडगा त्यांनी चिमट्याने परत उलटवला. मग दुसरा उलटवला. माझ्या शेजारी काकूजींचे हात पिठात तसेच थांबले होते.

जेवणं बसली. पहिला रोडगा मारोतीला. मग काकाजी एकेकाचा रोडगा काढायला लागले. राख झटकली, कानापाशी नेला, टिचकी मारली. टण. बडनेऱ्याचा पाहुणा, त्याची सासू, सुनील. टण, टण, टण. ज्याचा नवस असेल त्याने पहिला घास घेतला की काकाजी दुपट्टा पुढे ओढून त्याची गाठ सोडत होते. माझ्यापाशी आले, तोंडाकडे पाहिलं, पुढे गेले. सगळे हसले.

मग प्रफुल्लचा. तो त्यांनी आरात मधोमध ठेवला होता, सगळ्यांत चांगल्या जागी. बाहेर काढला. राख अगदी सावकाश झटकली. कानाशी नेला, टिचकी मारली.

टण. मी हातभर अंतरावर बसले होते. इतका स्वच्छ 'टण' मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

काकाजींनी परत टिचकी मारली. परत तोच आवाज. ते त्या रोडग्याकडे पाहत राहिले.

"कच्चा हाय," ते म्हणाले.

प्रफुल्ल हसला. "काहीही काय, बाबा! दाखवा." काकाजींनी रोडगा फोडला. आतून वाफ आली, थर मोकळे झाले, खरपूस वास आमच्या नाकापर्यंत आला.

"हे पाय," काकाजी म्हणाले. "मंधात पीठच हाय नुसतं."

आम्ही सगळे काकूजींकडे पाहायला लागलो. चाळीस वर्षं ज्या बाईने या माणसाला साध्या हवामानावर सूट दिली नाही, ती हे सोडणार नव्हती. काकूजी पदराला हात पुसत उठल्या. अर्धा रोडगा हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला. मग मुलाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"कच्चाच हाय," काकूजी म्हणाल्या.

मला हातातली वाटी खाली ठेवावी लागली.

"आई, वाफ येतेय त्यातून!"

"वाफ येते म्हनून भाजते का? केटलीतूनबी येते."

"वहिनी, तुम्ही सांगा," प्रफुल्ल माझ्याकडे वळला. "तुम्ही सायन्सवाल्या आहात. तुम्ही तरी खरं सांगाल."

काकाजींनी अर्धा रोडगा माझ्यापुढे धरला. मी मधला तुकडा मोडून तोंडात टाकला. तो इतका छान भाजला होता की तूप नसतानाही गोड लागत होता. मी तो सावकाश चावला. सगळे माझ्याकडे पाहत होते, बडनेऱ्याची सासूसुद्धा.

"कच्चा आहे," मी म्हणाले. "उष्णता मध्यापर्यंत पोचलेलीच नाही."

वीस वर्षांच्या नोकरीत मी विज्ञानाच्या नावाने इतकं धडधडीत खोटं बोलले नव्हते, आणि ते बोलताना मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

"मग परत टाका ना आत," प्रफुल्ल म्हणाला.

"एकदा आरातून काढला का परत नाई टाकत," काकाजी म्हणाले. "नवसाचा हाय बाप्पा, पावरोटी नोहे. आता पुढच्या साली. पुढच्या डिसेंबरात येजो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "येशीन नं?"

प्रफुल्लने आमच्या तिघांकडे एकेकदा पाहिलं. मग त्याची नजर दुपट्ट्याच्या टोकावर गेली, तिथे त्याची मुलगी ती मोठी गाठ मुठीत धरून उभी होती. त्याने ताट पुढे ओढलं. दोन्ही अर्धुकं त्यात चुरली, तूप ओतलं, वरण ओतलं आणि तो कच्चा रोडगा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. सकाळपासून मेक्सिको, मायनस पंचवीस, काय काय चाललं होतं त्याचं. आता मान खाली घालून नुसता जेवत होता.

"येतो, बाबा," ताट चाटून पुसून झाल्यावर तो म्हणाला. "मले सुट्टी असतेच तवा."

त्याला काय कळलं आणि काय नाही, हे मी विचारलं नाही. 'मले' मात्र मी ऐकलं.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. रिकामी पातेली डिकीत टाकून मी दार लावत होते, तर काकाजी गाडीपाशी आले. प्रफुल्लची गाठ त्यांनी ओढून आणखी घट्ट केली होती. आता डाव्या टोकाच्या एका जुन्या, मळलेल्या गाठीशी त्यांची नखं झटत होती. ती सुटता सुटत नव्हती.

"ही कोणाची, काकाजी?"

"तुमची. उतरला तुमचा राग."

"कोण म्हणतं?" मी म्हणाले, जरा जोरातच. मग सवयीने नियमावर बोट ठेवलं. "आणि त्या नवसाचा रोडगा कुठे खाल्लाय मी अजून?"

गाठ सुटली. काकाजींनी दुपट्ट्याचं टोक तळव्याने सपाट केलं, मागे वळून प्रफुल्ल ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि माझ्याकडे झुकून म्हणाले,

"पोराच्या रोडग्यातला घास खाल्ला नं तुमी, बाई. तोच तुमचा. चांगला भाजला होता तो."